कोलेस्टेरॉलवरील औषधे आणि आपले पचन

अन्न खाणे आणि अन्न अंगी लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना वैद्यकाचे एकही पुस्तक न वाचता ठाऊक असते. मूल दोन्ही वेळा पोटभर जेवते आणि तरीही बाळसे धरीत नाही, असे दिसले की आजी म्हणते, ‘जेवतो पुष्कळ, पण अंगी काही लागत नाही.’ शरीरशास्त्र ज्याला शोषण म्हणते ते हेच. तोंडातून आत गेलेला घास आतड्याची भिंत ओलांडून रक्तात पोचत नाही, तोवर तो खऱ्या अर्थाने आपला झालेलाच नसतो. आज मला ज्या औषधांविषयी आपल्याशी बोलायचे आहे, त्यांचा विचार या सीमेवर उभे राहूनच करावा लागतो.

रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे आता असंख्य घरांत पोचली आहेत. ती घेणाऱ्यांत दोन प्रकारची माणसे हटकून आढळतात. एकाच्या पोटात थोडा वायू धरला किंवा दोन दिवस शौचाला साफ झाली नाही, की तो सारा दोष नव्या गोळीला देतो आणि डॉक्टरांना न विचारता ती बंद करतो. दुसरा इतका आज्ञाधारक असतो, की रक्तदाबाची, थायरॉइडची, मधुमेहाची आणि कोलेस्टेरॉलची अशी सारी औषधे एका मुठीत घेऊन एकाच घोटासरशी गिळून टाकतो आणि कर्तव्य पार पडले असे समजतो. पहिल्याचे नुकसान उघड आहे. दुसऱ्याचे पुष्कळदा झाकलेले राहते. दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक नसते, ती ही की आपले औषध शरीरात नेमके कोठे काम करते. तेवढे एक समजले, म्हणजे त्याचा पचनाशी काय संबंध आहे आणि ते केव्हा घ्यावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात.

प्रथम कोलेस्टेरॉलविषयी थोडे सांगितले पाहिजे. या पदार्थाची ओळख शास्त्रज्ञांना पहिल्याने झाली ती रक्तात नव्हे, तर पित्ताशयातील खड्यांत. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याला नाव दिले, तेही ‘पित्त’ आणि ‘घट्ट’ अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून. म्हणजे कोलेस्टेरॉलचे पित्ताशी असलेले नाते त्याच्या नावातच आहे. हा पदार्थ मुळात शत्रू नव्हे. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो; अनेक अंतःस्राव त्याच्यापासून तयार होतात; आणि सूर्यप्रकाशाने त्वचेत जे ड जीवनसत्त्व बनते, ते कोलेस्टेरॉलच्याच एका पूर्वरूपातून बनते. त्याचा मोठा भाग शरीर स्वतःच निर्माण करते. ‘आम्ही अंड्याला शिवत नाही, मांस तर दूरच, मग आमच्या रक्तात हे आले कोठून?’ असे विचारणाऱ्या शाकाहारी मंडळींना याहून निराळे उत्तर नाही. ते बाजारातून आलेले नसते. ते घरचेच असते. त्याचे प्रमाण वाढून ते रोहिण्यांच्या भिंतींत साचू लागले, म्हणजे मात्र हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका उभा राहतो.

आता पित्ताकडे वळू. तेलकट भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही; रिठ्याच्या पाण्याने निघते. रिठा तेलाचे बारीक कण करून त्यांना पाण्यात मिसळू देतो. आपल्या आतड्यांत हेच काम पित्तातील क्षार करतात. वरणावरचे तूप, भाजीतील तेल, दुधातील स्निग्धांश यांना ते बारीक करतात, आणि मगच ते आतड्याच्या भिंतीतून आत जाऊ शकतात. अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांतच विरघळणारी आहेत. त्यामुळे तीही याच वाटेने, पित्ताचे बोट धरून आत जातात.

हे पित्तक्षार यकृत कोलेस्टेरॉलपासूनच तयार करते. परंतु ते मोठे काटकसरी असते. काम आटोपल्यावर पित्तक्षार वाया जाऊ न देता लहान आतड्याच्या अखेरच्या भागातून सुमारे ९५ टक्के परत घेतले जातात आणि रक्तावाटे पुन्हा यकृतात येतात. विहिरीवरच्या रहाटगाडग्याची पोहरी जशी रिकामी होऊन पुन्हा भरायला खाली जातात, तशी ही फेरी अखंड चालू असते. शरीरात पित्तक्षारांचा एकूण साठा जेमतेम तीन ग्रॅमच्या आसपास. पण तोच दिवसाकाठी सहा ते दहा वेळा फिरून आपल्या साऱ्या जेवणातील स्निग्धांश पचवतो. मलावाटे रोज जातो तो सुमारे अर्धा ग्रॅम, आणि तेवढीच भर यकृत नव्याने घालते.

कोलेस्टेरॉलवरील जुन्या औषधांपैकी एकाने नेमके या रहाटगाडग्यालाच हात घातला. त्याचे नाव कोलेस्टिरामिन. ही एक कृत्रिम राळ आहे. पाण्याचा जडपणा घालवण्यासाठी ज्या जातीची राळ वापरतात, त्याच कुळातली. ती भुकटीच्या रूपाने पाण्यात कालवून घेतात. ती रक्तात मुळीच जात नाही; आतड्यातून जाता जाता पित्तक्षारांना घट्ट धरून ठेवते आणि त्यांना घेऊन मलावाटे बाहेर पडते. रहाटाची पोहरी अशी फुटू लागली, म्हणजे यकृताला नवे पित्त करण्यासाठी कोलेस्टेरॉल लागते, आणि ते मिळवण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल अधिक प्रमाणात ओढून घेते. १९८४ साली अमेरिकेत एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉल वाढलेल्या ३,८०६ पुरुषांपैकी निम्म्यांना रोज २४ ग्रॅम कोलेस्टिरामिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी भुकटी, असे सरासरी सात वर्षांहून अधिक काळ दिले होते. औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके आणि त्याने येणारे मृत्यू १९ टक्क्यांनी कमी भरले. कोलेस्टेरॉल उतरवल्याने हृदय वाचते, याचा तो एक भक्कम पुरावा ठरला.

पण या औषधाची किंमत पोटाला मोजावी लागते. बद्धकोष्ठ, पोट फुगणे, मळमळ या तक्रारी त्याने होतात. त्याच प्रयोगात पहिल्या वर्षी औषध घेणाऱ्या शंभरांपैकी ६८ जणांनी पोटाची काही ना काही त्रासदायक तक्रार सांगितली. हा आकडा ऐकून कोणीही घाबरेल. परंतु निरुपद्रवी भुकटी घेणाऱ्यांतही अशी तक्रार शंभरांपैकी ४३ जणांची होती! आणि सातव्या वर्षी पाहिले, तेव्हा हे आकडे २९ आणि २६ वर आले होते. यातून दोन गोष्टी ध्यानी येतात. पोटाच्या तक्रारी माणसाला एरवीही असतातच. औषध सुरू केले म्हणजे त्या मोजल्या जाऊ लागतात. आणि जो त्रास खरोखर औषधाचा असतो, तोही बहुतेकांच्या बाबतीत काळाने ओसरतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की राळेला निवड करता येत नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते, असे आपण म्हणतो. पित्तक्षार कमी पडले, की स्निग्धांशाचे शोषण थोडे मंदावते आणि त्याबरोबर अ, ड, ई, के या जीवनसत्त्वांचेही. फॉलिक ॲसिडसुद्धा कमी होऊ शकते. मात्रा थोडी असेल तर बहुधा काही बिघडत नाही. परंतु मात्रा मोठी असेल, औषध वर्षानुवर्षे चालू असेल, रोगी लहान मूल असेल किंवा त्याचे यकृत अथवा आतडे आधीच दुबळे असेल, तर मात्र लक्ष ठेवावे लागते. अ जीवनसत्त्व घटले तर रातांधळेपणा येतो, ड घटले तर हाडे ठिसूळ होतात. के जीवनसत्त्वावाचून यकृताला रक्त गोठवणारे घटक नीट बनवता येत नाहीत. मग हिरड्यांतून रक्त येणे, जरासे लागताच काळेनिळे पडणे अशी चिन्हे दिसू लागतात. अशी चिन्हे दिसली, तर वय झाले असे म्हणून ती अंगावर काढू नयेत.

आणि आता त्या मूठभर गोळ्यांविषयी. जी राळ पित्त धरते, ती शेजारून जाणारी इतर औषधेही धरते. हृदयासाठी दिलेले डिगॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन, लघवीवाटे पाणी काढणारी काही औषधे, इतकेच काय, कोलेस्टेरॉलसाठीच दिलेली स्टॅटिनची गोळीसुद्धा तिच्या तावडीत सापडते. थायरॉक्सिनचे उदाहरण तर विचार करण्यासारखे आहे. थायरॉइड ग्रंथी मंदावली, की रक्तातील कोलेस्टेरॉल त्यामुळेच वाढते. समजा, अशा एखाद्या बाई सकाळी थायरॉक्सिनची गोळी आणि ही भुकटी एकदमच घेत आहेत. भुकटीने गोळी अडवली. गोळी अंगी लागली नाही. ग्रंथीची उणीव भरून निघाली नाही. म्हणून कोलेस्टेरॉल आणखी चढले. ते चढले म्हणून भुकटीची मात्रा वाढवली. आणि त्या वाढीव मात्रेने उरलेली गोळीही अडवली. दोन्ही औषधे योग्य, दोन्हींची मात्रा योग्य, बाई मनापासून पथ्य पाळणाऱ्या. चुकली ती केवळ वेळ. यावरचा उपाय अगदी साधा आहे: इतर औषधे या भुकटीच्या निदान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यावीत. वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी तर अधिकच जपले पाहिजे. कारण ही राळ एकीकडून वॉरफॅरिनला अडवून त्याचा परिणाम कमी करते आणि दुसरीकडून के जीवनसत्त्व घटवून तो वाढवते. कोणते पारडे जड होईल ते रक्त तपासल्यावाचून सांगता येत नाही.

कोलेस्टेरॉलसाठी हे औषध आज पूर्वीइतके दिले जात नाही. तरी यकृताच्या विकारात अंगाला सुटणारी खाज आणि काही प्रकारचे अतिसार यांसाठी ते दिले जाते. तेव्हाही हे सारे नियम लागू असतातच.

आतड्यातच काम करणारे दुसरे औषध म्हणजे एझेटिमाइब. ते २००२ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याची रीत मात्र अगदी वेगळी आहे. आतड्याच्या भिंतीत कोलेस्टेरॉलला आत घेणारे एक विशिष्ट प्रथिन असते. जणू एक दार. हे औषध ते एवढे दार लावून घेते. कोलेस्टेरॉलचे शोषण त्याने निम्म्याच्या आसपास कमी होते. पण पित्तक्षारांची फेरी चालू राहते, आणि अ, ड व ई या जीवनसत्त्वांची रक्तातील पातळी त्याने लक्षणीय कमी होत नाही, असे तपासण्यांत दिसले आहे. येथे शाकाहारी माणूस विचारील, की माझ्या अन्नात कोलेस्टेरॉल नावालाच आहे, मग दार लावून उपयोग काय? उपयोग आहे. कारण आतड्यात येणारे बरेचसे कोलेस्टेरॉल जेवणातून नव्हे, तर पित्तातून आलेले असते. या गोळीने काही जणांना पोटदुखी किंवा जुलाब होतात. परंतु अन्नातले सत्त्वच नाहीसे होते, ही भीती तिच्या बाबतीत रास्त नाही.

आता सर्वांत अधिक घेतल्या जाणाऱ्या औषधांकडे, म्हणजे स्टॅटिन वर्गाकडे येऊ. ॲटॉरव्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन ही नावे आपल्यापैकी अनेकांना परिचित असतील. यांचा उगम बुरशीत आहे. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह ६,००० हून अधिक जातींच्या बुरशा तपासल्या, तेव्हा क्योटोच्या धान्यातून मिळालेल्या एका निळसर-हिरव्या बुरशीत १९७३ साली त्यांना असा पदार्थ सापडला, की जो कोलेस्टेरॉलची निर्मितीच रोखतो. त्याच धर्तीचे पहिले औषध, लोव्हास्टॅटिन, १९८७ साली अमेरिकेत विक्रीस आले. ही औषधे काम करतात ती यकृतात. ती पित्तक्षार धरीत नाहीत, आतड्याचे कोणतेही दार लावीत नाहीत. म्हणूनच ‘स्टॅटिनने जीवनसत्त्वे मरतात’ असे जे सरसकट बोलले जाते, त्याला आधार नाही. ज्या रासायनिक साखळीतून कोलेस्टेरॉल बनते, तिच्याच एका फांदीवर कोएन्झाइम क्यू-१० नावाचा पदार्थ तयार होतो आणि स्टॅटिनने रक्तातील त्याचे प्रमाण घटते, हे खरे. परंतु तो वरून घेतल्याने खात्रीचा लाभ होतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. दुकानदाराच्या शिफारशीवरून त्यावर पैसे खर्चण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

मग स्टॅटिनने पोट बिघडतच नाही का? काहींचे बिघडते: अपचन, वायू, बद्धकोष्ठ, क्वचित जुलाब. बहुतेक वेळा हा त्रास सौम्य असतो. पण किती त्रास गोळीचा आणि किती गोळी घेतो आहोत या जाणिवेचा, हे पाहण्यासाठी लंडनमध्ये केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तान्त २०२० साली प्रसिद्ध झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या दिल्या. चारांत स्टॅटिन, चारांत औषध नसलेल्या तशाच गोळ्या, आणि चार रिकाम्या. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास कमी; गोळीच्या महिन्यांत अधिक. परंतु स्टॅटिनने जेवढा त्रास झाला, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला! ही माणसे खोटे बोलत होती असे नव्हे. त्यांचा त्रास खरा होता. कारण मात्र त्यांनी समजले ते नव्हते. हे समजल्यावर त्यांच्यापैकी निम्म्यांनी औषध पुन्हा सुरू केले. एखाद्याला झटका येऊन गेलेला असतो आणि तो पोटातल्या वायूसाठी आपले ढालीसारखे औषध फेकून देतो. त्याने हा प्रयोग अवश्य ध्यानात घ्यावा. अर्थात स्नायू विलक्षण दुखू लागले, लघवी काळपट झाली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर त्याला मनाचा खेळ समजू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

स्टॅटिनचा पचनसंस्थेशी एक संबंध मात्र खरोखर लक्षात ठेवण्याजोगा आहे. सिंव्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि काही अंशी ॲटॉरव्हास्टॅटिन यांचा काही भाग आतड्याच्या भिंतीतच नष्ट होतो आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत तो हिशेब धरलेला असतो. ग्रेपफ्रूट या फळाचा रस ती नष्ट करणारी यंत्रणाच बंद पाडतो. मग तीच गोळी रक्तात दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही अधिक पोचू शकते. आपल्याकडील पपनस हे या फळाच्या आईबापांपैकी एक असल्यामुळे त्याबाबतही सावध राहिलेले बरे. नागपुरी संत्र्याला किंवा मोसंब्याला भिण्याचे मात्र कारण नाही.

फायब्रेट वर्गातील औषधांनी पित्तात कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढते, म्हणून त्यांपैकी काहींनी पित्ताशयात खडे होण्याचा संभव असतो. जेवणानंतर बरगडीखाली उजवीकडे कळ येऊ लागली, तर ती सांगितली पाहिजे. निकोटिनिक ॲसिड मोठ्या मात्रेत जठराला झोंबते. ते आता क्वचितच दिले जाते.

आपल्या घरगुती उपायांचेही येथे नाव घेतले पाहिजे. इसबगोलाचा भुसा पित्तक्षारांना काहीसा बांधून ठेवतो आणि कोलेस्टेरॉल थोडे उतरवतो; बद्धकोष्ठावर तो गुणकारी आहेच. परंतु तोही औषधांना आपल्यात गुरफटू शकतो. म्हणून गोळ्या आणि इसबगोल यांत काही तासांचे अंतर असावे आणि त्यावर पाणी भरपूर प्यावे. गुग्गुळाविषयी आपल्या देशात पुष्कळ संशोधन झाले आणि पुष्कळ आशा बाळगली गेली. पण २००३ साली अमेरिकेत झालेल्या काटेकोर चाचणीत त्याने कोलेस्टेरॉल उतरलेले आढळले नाही. तेव्हा डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडून त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

आणखी एक सूचना. कोलेस्टेरॉलची गोळी घेणारे पुष्कळ जण मधुमेहासाठी मेटफॉर्मिनही घेत असतात. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेतल्याने ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होऊ शकते, आणि जो शाकाहारी आहे त्याच्या ताटात ते दुधादह्यापलीकडे मुळातच थोडे असते. पायांना मुंग्या येणे, थकवा वाटणे अशी लक्षणे दिसली, की दोष कोलेस्टेरॉलच्या गोळीवर येतो; खरा चोर निराळाच असतो. म्हणूनच शोषणाचा विचार एकेका गोळीचा करून भागत नाही. तो साऱ्या मुठीचा मिळून करावा लागतो.

श्रोतेहो, या साऱ्यातून उचलण्यासारखे ते थोडकेच आहे. एका कागदावर आपल्या सर्व औषधांची नावे लिहावीत, घरगुती चूर्णे आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यासुद्धा वगळू नयेत. प्रत्येकापुढे ती आपण किती वाजता आणि जेवणाच्या आधी की नंतर घेतो, ते प्रामाणिकपणे लिहावे. पोटाची तक्रार असेल तर ती कोणत्या दिवसापासून आहे तेही लिहावे. हा कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावा आणि दोनच प्रश्न विचारावेत: ‘यांतील कोणती औषधे एकमेकांपासून दूर ठेवायची?’ आणि ‘माझी कोणती जीवनसत्त्वे तपासायला हवीत?’ बहुतेकांच्या बाबतीत उत्तर असे येईल, की औषध बदलायला नको, मात्रा बदलायला नको, केवळ घड्याळाचा काटा थोडा पुढेमागे करायला हवा. अन्नाइतकेच औषधही अंगी लागावे लागते, आणि ते अंगी लागण्यासाठी कित्येकदा एवढेच पुरेसे होते.